निंदा मंडळाचा पावसाळा

भाद्रपद लागला की माझी मनगटं खाजायला लागतात. मला कोणताही त्वचारोग नाही. खात्री करून घेतली आहे. त्रास होता तो माझ्या पत्नीला, सुनंदाला, आणि तोही शतक बदलायच्या आधीच्या एका पावसाळ्यात. तरी हे दिवस आले की माझं एका जागी चित्त लागत नाही. पेपर उघडतो, मिटतो. चहा निवतो. खिडकीत जाऊन उभा राहतो आणि कशासाठी आलो होतो ते आठवत नाही.

यंदा कारण रस्त्यातच उभं होतं. कर्वे रस्त्यावर मेट्रोच्या खांबांमधल्या मातीत महापालिकेनं शोभेची झुडपं लावली आहेत. त्या झुडपांना बाजूला सारून गाजर गवत वर आलं होतं. कोथिंबिरीसारखी, पण जरा राखाडी पानं, आणि वर पांढऱ्या फुलांचा बारीक चुरा. ज्याला माहीत नाही तो म्हणेल, किती नाजूक फुलं. सिग्नलला माझ्या शेजारच्या स्कूटरवरच्या मुलीनं त्याचा फोटो काढलासुद्धा. मी हिरवा दिवा लागूनही क्षणभर थांबलो, मागच्यानं हॉर्न वाजवला.

घरी येऊन सुनंदाला सांगितलं, "मेट्रोखाली गाजर गवत आलंय."

"मग? तुम्ही काय उपटायला थांबला होता?" ती म्हणाली.

तिच्यापुढे टेबलावर संमतिपत्र होतं. आमची सोसायटी पाडून तिथे अकरा मजली इमारत व्हायची आहे. सगळ्यांच्या सह्या झाल्या आहेत, तळमजल्यावरच्या आमच्या घराची सोडून. ती सही अडली आहे एका पट्ट्यासाठी. इमारतीच्या मागची भिंत आणि आमचं स्वयंपाकघर यांच्यामधला मातीचा तो पट्टा. रुंदी एका खाटेइतकी. नव्या नकाशात तिथे गाड्या उतरवायचा उतार आहे.

*

आम्ही मूळचे अकोल्याकडचे. मी खडकीच्या एका कारखान्यात तपासणी विभागात लागलो आणि लग्नानंतर सुनंदा तिथल्या क्वार्टरमध्ये आली. क्वार्टरला मागे अंगण होतं. पुढे स्वतःचं घर घ्यायचं ठरलं तेव्हा तिनं एकच अट घातली: तळमजला. सगळे नातेवाईक म्हणाले, तळमजल्यावर डास असतात, ओल असते, चोर असतात. ती म्हणाली, "माती असते." तिच्या आईनं जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात तण काढलं. कपाशीच्या ओळीत बसून सरकत सरकत जायचं, संध्याकाळी ते शेत दुसऱ्याचं. सुनंदाही सुट्टीत आईबरोबर जायची. ज्या मातीतलं तण काढू ती माती आपली असावी, एवढंच तिला हवं होतं. हे तिनं मला कधी या शब्दांत सांगितलं नाही. तिनं आधी पट्ट्यातले विटांचे तुकडे काढले, मग कसब्यातल्या लोहाराकडून खुरपं आणलं, मग तूर लावली, भेंडी, वाल आणि कपाशीची चार झाडं. त्यावरून मी समजलो.

वारज्यापुढची ती वस्ती तेव्हा अर्धवट होती. अर्धवट म्हणजे, आमच्या इमारतीच्या पश्चिमेला एक मोठं शेत होतं आणि ते शेत राहिलेलं नव्हतं. त्यात ज्वारी व्हायची असं म्हणत. मग ते कुठल्याशा कंपनीनं घेतलं. इंग्रजी पाटी लागली, कुंपणाचे खांब आले, तारा आल्या नाहीत. ना पेरणी, ना पाया. सगळं शहरच त्या वर्षी असं वाट बघत होतं. नव्या वायरींसाठी रस्ते खणून ठेवले होते. कारखान्यातल्या सहकाऱ्यांची मुलं संगणकाच्या क्लासला जात होती आणि वडील मला विचारत होते, साल दोन हजार उजाडल्यावर संगणकांना दोन शून्यं कळणार नाहीत हे खरं का. माझं आकड्यांशी काम असल्यामुळे मला माहीत असेल असा समज. मी सांगायचो, शून्य न कळणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, यंत्रांचं पाहू.

त्या वाट बघणाऱ्या जमिनीत गाजर गवत आलं. ते तसंच येतं. पिकात त्याला मनासारखी जागा मिळत नाही, दाट रानात मिळत नाही. जिथे माणसानं एक काम सोडलेलं असतं आणि दुसरं सुरू केलेलं नसतं तिथे ते येतं. श्रावणात गुडघ्याएवढं होतं, भाद्रपदात छातीएवढं. पश्चिमेचा वारा आमच्या खिडक्यांवर यायचा तो त्याचा कडवट वास घेऊन. वाळत घातलेल्या कपड्यांनाही तो वास लागायचा.

सुनंदाच्या मनगटांवर आधी लाल पुटकुळ्या आल्या. मग मानेवर, कोपराच्या आत, पापण्यांवर. रात्री झोपेत ती हात घासायची, चादर ओरखडल्याचा आवाज यायचा. सदाशिव पेठेतल्या एका त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. ते भिंगातून तिचे हात पाहत होते आणि माझ्याशी बोलत होते.

"राहता कुठे?"

मी सांगितलं.

"शेजारी मोकळा प्लॉट?"

"हो."

"गाजर गवत?"

"हो."

"मग माझ्याकडे कशाला आलात? प्लॉटवाल्याकडे जा." मग जरा थांबून, मलम लिहिता लिहिता म्हणाले, "बाई, एक तर गवत हलवा, नाही तर घर हलवा. आणि मातीकामाला हात लावू नका. मुळीच नाही."

बाहेर आल्यावर सुनंदानं मलमाची चिठ्ठी घडी करून पर्समध्ये टाकली. लक्ष्मी रस्त्याच्या गर्दीत एकदम म्हणाली, "दोन्ही नाही हलत. आता?"

*

आता त्या शब्दाविषयी.

पुण्यात तण काढण्याला खुरपणी म्हणतात. आमच्याकडे निंदण म्हणतात. कपाशी निंदायची, तूर निंदायची, बाया निंदायला गेल्या. सुनंदाला पुण्यात येऊन पुष्कळ वर्षं झाली होती, पण हा शब्द तिला कधी लागलाच नव्हता, त्यामुळे बदललाही नव्हता. तिनं तिसऱ्या मजल्यावरच्या आपटेवहिनींना जिन्यात गाठलं आणि आपल्या बाजूनं अगदी सरळ विचारलं, "रविवारी सकाळी मी चार जणींना निंदायला बोलावणार आहे. तुम्ही येता का?"

आपटेवहिनी देवभोळ्या आणि शांत बाई. त्यांनी दचकून विचारलं, "कुणाला?"

"कुणाला म्हणजे? सगळंच. मुळापासून."

त्या वर गेल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या की तळमजल्यावरच्या वहिनी चांगल्या वाटल्या होत्या. आपटे आमच्या सोसायटीचे सचिव. संध्याकाळी त्यांनी मला फाटकापाशी थांबवलं.

"तुमच्याकडे निंदा वेळ ठरवून करतात म्हणे."

"काय?"

"नाही, पद्धत चांगली आहे. रविवारी सकाळी सगळी उरकायची. आमच्याकडे ती आठवडाभर चालते, फार वेळ जातो."

घोळ लक्षात यायला मला थोडा वेळ लागला, सुनंदाला अजून थोडा. मग ती इतकी हसली की पापण्यांवरच्या पुटकुळ्या दुखल्या. पण शब्द पसरला तो पसरलाच. दुसऱ्या दिवशी फलकावर आपट्यांच्या सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं: "निंदा मंडळ. रविवार, सकाळी सात. विषय: गाजर गवत. व्यक्तींची निंदा नंतर, आपापल्या जबाबदारीवर."

प्लॉटवर जायची परवानगी मागायची म्हणून मी जुन्या मालकाला भेटलो. बाबूराव त्यांचं नाव. ते अजून रोज येऊन त्या पाटीखालच्या दगडावर बसत. मी म्हटलं, आम्ही गवत उपटलं तर चालेल का.

"उपटा की," ते म्हणाले. "मला इचारून काय उपेग? आता कुणाचं हाय ते मलाबी ठावं न्हाई."

रविवारी सात-आठ बायका जमल्या. हातमोजे कुणाकडेच नव्हते. सुनंदानं युक्ती काढली: दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन उलट्या करायच्या, हात आत घालायचे, मनगटाला रबर बांधायचं. त्या निळ्यापांढऱ्या हातांनी बायका एकमेकींकडे पाहून आधी हसल्या, मग कामाला लागल्या. सुनंदाला डॉक्टरांनी मनाई केली होती, म्हणून ती पट्ट्याच्या भिंतीवर उभी राहून सांगत होती. शेंडा नका तोडू. बुडाशी धरा. फुलावर आलेलं आहे ते वेगळ्या ढिगात, हलवू नका. पाऊस पडून गेलाय तोवर मूळ सुटतं, ऊन तापलं की तुटतं.

आपटेवहिनींनी पदर खोचून विचारलं, "आणि हे कोवळं?"

"त्याचीच तर निंदा करायची, वहिनी. मोठ्यांची करून उपयोग नसतो."

मी दुधाच्या पिशव्या वाटण्याचं आणि मोजण्याचं काम केलं. सवयीनं. कारखान्यात माझं काम नमुना काढायचं होतं: ढिगातून थोडे नग घ्यायचे, तपासायचे आणि ढिगाविषयी बोलायचं. मी जाड तारेची एक चौरस चौकट वाकवून घेतली होती. ती पाठमोरं होऊन फेकायची, पडेल तिथे आतली रोपं मोजायची. आपटे गॅलरीतून म्हणाले, "पकडायला कोणी आहे का समोर?"

त्या मोजणीचे आकडे इथे देत नाही. नमुना लहान होता. पण कल एवढा स्पष्ट होता की चौकट लागलीच नसती.

*

त्या पावसाळ्यात आम्ही रविवारी संध्याकाळी खडकीच्या विहारात जात होतो. वर्षावासाचे दिवस. भंतेजी सांगत होते, पावसाळ्यात भिक्खू एका जागी का राहतात: वाटा ओल्या असतात, नुकते अंकुर फुटलेले असतात, बारीक जीव बाहेर पडलेले असतात, पायाखाली येऊ नयेत म्हणून. मी आधीही हे ऐकलं होतं. त्या वर्षी ऐकताना अस्वस्थ झालो. सकाळी आम्ही हजारो अंकुर उपटले होते. त्या अंकुरांत गाजर गवत धरायचं की नाही? सुनंदा विचारायला उठतच होती, मी पदर धरून तिला बसवलं.

"काहून?" ती कुजबुजली.

"लोक हसतील."

"हसू द्या. मला माहीत पाहिजे."

नंतर बसमध्ये ती म्हणाली, तिच्या आईलाही हा प्रश्न पडायचा. आई म्हणायची, निंदण म्हणजे मारणं नव्हे, जागा करून देणं. पण हे म्हणताना ती खुरप्याची धार अंगठ्यानं पाहायची, हेही सुनंदानं सांगितलं.

मला त्यावेळी हे सगळं फार बारीक वाटत होतं. मला तिचे डोळे दिसत होते. एका सकाळी ती उठली तेव्हा ते उघडेनातच, इतक्या पापण्या सुजल्या होत्या. भिंतीवर उभं राहूनही वारा लागतच होता, आणि मला ठाऊक होतं की मी कारखान्यात गेल्यावर ती पट्ट्यात उतरते. त्यामुळे आपट्यांनी सभेत ठराव मांडला की निंदा पुरे झाली, आता औषध मारू, तेव्हा मी हात वर केला. तणनाशकाला आपण औषध म्हणतो. मारायचं असतं ते विष, आणि म्हणतो औषध. पण माझ्या घरात एक आजारी माणूस होतं आणि मला औषध हवं होतं. आजही मला तो हात चुकीचा वाटत नाही.

सुनंदा डोळ्यांवर ओला रुमाल धरून सभेला आली होती.

"वारा कुठून येतो ते पाहिलं का कोणी?" तिनं विचारलं.

आपटे म्हणाले, "वहिनी, वाऱ्याचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर नाही."

"पश्चिमेहून येतो. तिकडं फवारलं की इकडं उडतं. आमच्याकडे एकदा ज्वारीवर मारलेलं शेजारच्या कपाशीवर उडालं. पानं अशी बारीक झाली, भेंडीसारखी. बोंड धरलंच नाही."

"तुमच्या चार झाडांसाठी सगळ्या सोसायटीनं खाजवत बसायचं?" आपट्यांनी विचारलं.

हे माझ्याही मनात होतं. म्हणून मी गप्प बसलो. सुनंदानं माझ्याकडे पाहिलं. म्हणजे रुमाल माझ्या दिशेनं वळला.

तेवढ्यात मागून आपटेवहिनी बोलल्या. त्या सभेत बोलत नसत. "त्या चार झाडांच्या कापसाच्या मी वाती करते. वर्षभराच्या. तुमचं औषध उडालं तर देवापुढे काय लावू? ठराव?"

सभा हसली आणि नेहमीसारखा अर्धा अर्धा निर्णय झाला. रस्त्याकडच्या अर्ध्या भागात वारा पडलेला असताना फवारणी, इमारतीकडच्या अर्ध्या भागात निंदा मंडळ. मला हे मनापासून आवडलं. दोन वाफे, दोन पद्धती, एकच माती. तुलना करता येणार होती.

फवारलेला भाग आठवड्यात तांबडा झाला. देठ पिळवटून खाली आले. आपटे रोज गॅलरीत चहा घेऊन ते पाहत. उपटलेला भाग नुसता काळा, मोकळा. मग तीन दिवस झड लागली, ऊन पडलं, आणि दोन्हीकडे, अगदी सारख्या दाटीनं, बारीक हिरवी रोपं वर आली. मी चौकट टाकली. पुन्हा टाकली. फरक नव्हता. जे उभं होतं ते आम्ही दोन तऱ्हांनी काढलं होतं. जे मातीत पडून होतं त्याला कुणी हात लावला नव्हता.

डॉक्टरांनी आता सौम्यपणे सांगितलं की हा महिना तरी बाई इथे नकोत. सौम्यपणे सांगितलं म्हणून मी जास्त घाबरलो.

*

सुनंदा माहेरी गेली. भाऊ मिलिंद तिथे शेती करायचा. मी कारखान्यातून येऊन पट्ट्याला पाणी द्यायचो, कपाशीच्या पानांमागे मावा दिसला तर ती फोनवर सांगेल तसं करायचो. बोटानं पुसा. साबणाचं पाणी मारा. मुंगळे चढताना दिसले तर समजा आहे तिथे. नाक्यावरच्या एसटीडी बूथमधून फोन करायचो. लाल आकडे पळत असत आणि ती सावकाश बोलत असे.

"हात कसे आहेत?"

"साफ आहेत. इथं काहीच होत नाही अंगाला."

मला आनंद व्हायला हवा होता, झालाही. पण बूथमधून बाहेर आल्यावर मी हिशेब मांडायचो. तिथे तिला काही होत नव्हतं. तिथे माती होती, हवी तेवढी. इथे माझी नोकरी, मुलीची शाळा आणि खाटेएवढा पट्टा. ती यायची कधी हे मी विचारत नव्हतो आणि ती सांगत नव्हती. मुलगी एकदा म्हणाली, "आई तिकडेच छान दिसते." फोनवर कशी दिसणार, हे मी तिला विचारलं नाही.

मग एका संध्याकाळी फोनवर सुनंदाच घाईनं म्हणाली, "ऐका. गाजर गवत इथं पण आहे. गावाच्या रस्त्यानं पुष्कळ आहे."

"मग तुला त्रास कसा नाही?"

"मिलिंदच्या घराभोवती नाही. तिथं तरोटा आहे, सगळीकडे. तरोट्यात ते घुसतच नाही. मी बांधाबांधानं फिरून पाहिलं. जिथं तरोटा दाट, तिथं ते नाही."

तरोटा म्हणजे इकडचा टाकळा. पावसाच्या सुरुवातीला त्याची कोवळी पानं भाजीला आणतात. स्वतः तणच. पण गाजर गवताच्या आधी उठतो, जमीन झाकतो, त्याला ऊन मिळू देत नाही. हे कुठे कुठे करून पाहिलेलं आहे असं नंतर मी वाचलं. तिनं ते बांधावर पाहिलं.

"रिकामी माती रिकामी राहत नाही ना," ती म्हणाली. "आपण नुसती रिकामी करत होतो. बी वाळलं की घेऊन येते."

घेऊन येते. मी बूथवाल्याला सुटे पैसे द्यायचे विसरून चालू लागलो, त्यानं हाक मारली.

वर्षावास संपता संपता ती आली. एसटीच्या टपावरून एक पोतं उतरवलं. हात स्वच्छ, चेहरा उन्हानं काळवंडलेला. आपटे फाटकातच होते.

"काय आणलंत?"

"बी. तरोट्याचं. तुमचा टाकळा."

"म्हणजे आता तण पेरायचं?"

"हाव."

आपट्यांनी पोत्यात हात घालून ते बारीक, तपकिरी बी तळहातावर घेतलं. "तणनाशकाचा ठराव मीच मांडला होता," ते म्हणाले. "आता तणाचा मांडतो. इतिवृत्तात सुसंगती नसली तरी चालेल."

गाजर गवत तोवर वाळत आलं होतं, फुलं झडली होती. दुधाच्या पिशव्या पुन्हा निघाल्या. निंदा मंडळानं त्या सगळ्या प्लॉटवर मुठीमुठीनं बी फेकलं. बाबूराव दगडावरून उठले. त्या जमिनीत पुष्कळ वर्षांनी कुणी काही पेरत होतं. त्यांनी एक मूठ मागून घेतली, आणि आम्ही जे फेकत होतो ते त्यांनी कंबरेतून वाकून, मनगट फिरवून, सारखं पसरलं. म्हणाले, "काय पेरताय ते सांगू नगा. पेरू द्या."

मी चौकट जपून ठेवली. पुढच्या पावसाळ्यात मोजायचं होतं.

पुढचा पावसाळा यायच्या आधी जेसीबी आले. वरची माती ट्रकांतून गेली. ती कुठे टाकली आणि तिथे काय उगवलं, मला माहीत नाही. पाया झाला, काचेची इमारत झाली, रात्रभर दिवे लागायला लागले, अमेरिकेत दिवस असतो म्हणून. सुनंदाच्या हातांना त्यानंतर काही झालं नाही. तिचा विकार तरोट्यानं बरा केला नाही, औषधानं नाही, आम्ही नाही. काँक्रीटनं केला. मी आयुष्यभर निष्कर्ष काढण्याचं काम केलं. एवढ्या एका प्रयोगाचा निष्कर्ष माझ्याकडे नाही. भाद्रपदात जी चुळबुळ होते ती बहुतेक त्याचीच. आम्ही हरलो असतो तर कळलं असतं. जिंकलो असतो तरी कळलं असतं. आमच्या पायाखालची माती उचलून नेली.

*

बिल्डरकडून आलेली सायली नावाची मुलगी हुशार आहे. ती आमच्या मुलीच्याच वयाची. आमची मुलगी हिंजवडीला असते आणि तिचंही मत सही करून टाका असंच आहे. सायलीनं टॅबवर चित्रं दाखवली.

"आंटी, पोडियमवर गार्डन आहे ना. फुल्ली लँडस्केप्ड. मेंटेनन्स, पेस्ट कंट्रोल, सगळ्याचं अॅन्युअल कॉन्ट्रॅक्ट. तुम्हाला काहीच करावं लागणार नाही."

"माती किती खोल?" सुनंदानं विचारलं.

"सॉरी?"

"खाली स्लॅब असणार. त्यावर माती किती?"

तिनं फोन लावला, कुणाला तरी विचारलं, परत कुणाला तरी. "दीड फूट, आंटी."

"तूर नाही यायची."

"तूर?"

"डाळीची, बाळा."

ती गेल्यावर दोन दिवस संमतिपत्र टेबलावरच पडून होतं. तिसऱ्या दिवशी आपटे आले. आता काठी घेऊन चालतात. जिना उतरायला त्यांना वेळ लागतो. आपटेवहिनी तर गुडघ्यांमुळे गेलं वर्षभर खाली आलेल्याच नाहीत. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. पट्ट्यातला कापूस सुनंदाच वर नेऊन देते.

आपटे खुर्चीत टेकले. "वहिनी, मी सही मागायला आलेलो नाही."

"मग?"

"ती काल विचारत होती, खालची कपाशी किती आली. मी म्हटलं, मला कपाशीतलं कळत नाही. तर म्हणाली, मला एकदा खाली न्या. कसं नेऊ?" मग ते उठलेच. "चहा नको. चढायचंय परत."

सुनंदानं संध्याकाळी सही केली. मला विचारलं नाही. मी तिच्या बाजूनं हरकतींचा एक स्वच्छ मसुदा मनात तयार करून ठेवला होता. मुद्दे चांगले होते. तिनं पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाली, "लिफ्ट झाली की त्या खाली येतील. तेव्हा खाली दाखवायला काही नसेल. पण येतील तर."

इमारत दिवाळीनंतर रिकामी करायची आहे. आज सकाळी मी उठलो तर ती पट्ट्यात होती. मुलीनं आणलेले रबरी मोजे घालून, तुरीच्या ओळीत बसून, सरकत सरकत तण काढत होती. त्या तुरीला शेंगा धरतील तेव्हा आम्ही इथे नसू. मी दारात उभा राहिलो. आत जावं, पेपर वाचावा, परत यावं, असं दोनतीनदा केलं.

"आता कशाला?" शेवटी विचारलं.

"अजून आपलीच आहे ना," ती मान वर न करता म्हणाली.

मी पाट घेऊन पायरीखाली बसलो. गुडघे कुरकुरले. तिनं उपटलेल्या तणाची एक ओंजळ माझ्या पायाशी टाकली: हराळी, घोळ, दुधी, आणि कुठून तरी आलेली गाजर गवताची दोन-तीन रोपं. मी एका हातात मोजा घालून ती जातवार लावायला लागलो.

"मोजू नका," ती म्हणाली. "फुलावर आलेलं तेवढं बाजूला काढा. बाकीचं दाबा मातीत, खत होतं."

मी बाजूला काढू लागलो. एका रोपाला कळी होती. हिरवी, घट्ट, पण आत पांढरं दिसत होतं. कुठल्या ढिगात घालायचं ते कळेना. मी ते तिच्यापुढे धरलं.

तिनं पाहिलं. "हे उद्या फुलेल."

"मग?"

"मग आज दाबा."

मी बोटानं माती उकरली. ओली होती, सकाळच्या मानानं उबदार होती.